प्लेटमध्ये रक्तवाहिनी कुठे आहे? मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर वीईजीआय तपासताना

दरवर्षी जून-जुलैत कुणीतरी नवा संशोधक विद्यार्थी वही घेऊन समोर बसतो. विषय ठरलेला असतो : रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचा मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम. मी एवढंच विचारते, "बाळा, तुझ्या प्लेटमध्ये रक्तवाहिनी कुठे आहे?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. प्लेटमध्ये असतात फक्त कर्करोगाच्या पेशी आणि वर गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं पोषणद्रव. जे प्रथिन रक्तवाहिन्यांना आवरतं, ते रक्तवाहिनीच नसलेल्या ठिकाणी ओतायचं आणि काय होतं ते बघायचं, असा तो बेत असतो.

बेत चुकीचा नाही, पण अर्धा आहे. दुसरा अर्धा जोडायचा कसा आणि दोन्हींचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा कसा, हे या लेखात क्रमाने सांगते. उदाहरणाला वीईजीआय (व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ इनहिबिटर) हे प्रथिन घेतलं आहे. एंडोस्टॅटिन किंवा थ्रॉम्बोस्पॉन्डिन ही वाहिन्या रोखणारी दुसरी प्रथिनं घेतलीत तरी मांडणी बरीचशी हीच राहील.

आधी या प्रथिनाची ओळख

अर्बुदाला एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे वाढायचं तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. वाहिन्या ओढणारी प्रथिनं असतात, तशी त्यांना आवरणारीही असतात. वीईजीआय दुसऱ्या गटातलं. गंमत अशी की ते मुख्यतः रक्तवाहिनीच्या अस्तरपेशीच बनवतात, म्हणजे वाहिनी स्वतःच स्वतःला 'आता पुरे' म्हणते. १९९९ मध्ये त्याबद्दल पहिला ठळक निष्कर्ष आला : उंदरांत वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ त्याने रोखली. कुळ टीएनएफचं, म्हणजे पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांचं, त्यात क्रमांक पंधरावा. म्हणून जनुकाचं नाव टीएनएफएसएफ-१५.

या प्रथिनाला माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं आहेत. रक्तवाहिन्यांवर काम करणारे त्याला वीईजीआय म्हणतात. २००२ मध्ये प्रतिकारशक्तीवाल्यांना तेच टी-पेशींना चेतवणारं म्हणून सापडलं आणि त्यांनी टीएल१ए हे नाव रूढ केलं. पेशीवर ज्याला ते चिकटतं तो ग्राहक (रिसेप्टर) डीआर-३. शिवाय डीसीआर-३ नावाचा एक फसवा ग्राहकही आहे. तो पेशीबाहेर मोकळा फिरतो, प्रथिनाला मधल्यामध्ये पकडतो आणि पेशीला कसलाही निरोप देत नाही.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. शोधनिबंध शोधताना एकाच नावाने शोधलंत तर निम्मं वाङ्मय हातून सुटेल. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये प्रथिन बहुतेक टीएल१ए या नावाखाली असतं. प्रथिनाची तीन रूपं आहेत : १७४, १९२ आणि २५१ अमिनो आम्लांची. तिन्हींची शेपटीकडची १५१ अमिनो आम्लं सारखी आणि डोकी वेगळी. तुम्ही विकत घेतलेलं प्रथिन कुठल्या रूपाचा कुठला तुकडा आहे हे डेटाशीटवरून वहीत उतरवून ठेवा. 'वीईजीआय दिलं' एवढंच लिहिलेला प्रबंध परीक्षक पहिल्या दहा मिनिटांत अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

ही दुहेरी भूमिका किती टोकाची आहे पाहा. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आपण हे प्रथिन वाढवू पाहतो. तिकडे मोठ्या आतड्याच्या सुजेवर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, त्यालाच अडवणारं ट्युलिसोकिबार्ट हे प्रतिपिंड रुग्णांवर तपासलं जातंय आणि २०२४ मध्ये त्याचे आशादायक निकाल प्रसिद्ध झाले. म्हणून प्रस्तावनेत 'कर्करोगावरचं संभाव्य औषध' असं सढळ हाताने लिहू नका.

पहिलं पाऊल : वहीत तीन खाती उघडा

पिपेट हातात घेण्याआधी वहीची तीन पानं वेगळी काढा.

पहिलं खातं कर्करोगाच्या पेशीचं. प्रथिन मिळाल्यावर ती कमी वाढते का, कमी चिकटते का, कमी हलते का? इथे रक्तवाहिनीचा काही संबंध नाही.

दुसरं अस्तरपेशीचं. तेच प्रथिन थेट तिला दिलं तर काय होतं? हे साहित्यात बरंच माहीत आहे : विश्रांतीत असलेली अस्तरपेशी जी-शून्य/जी-एक टप्प्यावर, म्हणजे विभाजनाच्या तयारीआधीच, थांबून राहते, आणि वाढीच्या भरात असलेली मरते. तुम्हाला नवा शोध लावायचा नाहीये. तुमच्या हातातलं प्रथिन खरोखर काम करतं का, याचा तो पुरावा आहे.

तिसरं खातं संबंधाचं. कर्करोगाच्या पेशीने वीईजीआय बनवलं, तर तिने मीडियात सोडलेल्या द्रवाने अस्तरपेशीच्या वागण्यात फरक पडतो का? शीर्षकात 'रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं' हे शब्द आले की परीक्षकाला खरं तर हे खातं पाहायचं असतं.

प्रत्येक निकाल तिन्हींपैकी एकाच पानावर जाईल. कुठल्या पानावर लिहावं कळत नसेल, तर प्रयोगाची आखणीच अर्धवट आहे असं समजा.

दुसरं पाऊल : पेशी निवडणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या विषयातली सर्वांत मोठी फजिती पेशींच्या नावातच झालेली आहे.

१९९० मध्ये ईसीव्ही-३०४ नावाची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढवता येणारा पेशींचा वंश, आली. नवजात बाळाच्या नाळेच्या अस्तरपेशी आपोआप अमर झाल्या, असा दावा होता. मग काय, नाळेच्या खऱ्या पेशी दहाएक पिढ्यांत थकतात आणि ही मात्र न थकता वाढते, शिवाय जेलवर छान नळ्यांचं जाळं विणते. रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. १९९९ मध्ये डीएनएचे ठसे जुळवले तेव्हा कळलं, की ती अस्तरपेशी नव्हेच. ती टी-२४ आहे, मूत्राशयाच्या कर्करोगाची पेशी. कुठल्याशा प्रयोगशाळेत कधीतरी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात गेलेली. म्हणजे वर्षानुवर्षं लोक रक्तवाहिनी समजून मूत्राशयाच्या अर्बुदावर प्रयोग करत होते. आपल्या विषयात एका बाजूला टी-२४ आणि दुसऱ्या बाजूला अस्तरपेशी असते. ही चूक तुमच्याकडे झाली तर दोन्ही बाजूंना एकच पेशी उभी असेल आणि निकाल तरीही सुबक येतील.

यातून दोन नियम निघतात. ईसीव्ही-३०४ कुणी फुकट दिली तरी अस्तरपेशी म्हणून वापरायची नाही. आणि जेलवर जाळं विणलं म्हणजे ती अस्तरपेशी, असं कधीच धरायचं नाही.

मूत्राशयाच्या बाजूने किमान दोन लाइन घ्या, स्वभावाने वेगळ्या. टी-२४ ही १९७० मध्ये स्वीडनमधल्या ८१ वर्षांच्या बाईंच्या अर्बुदातून आली. आक्रमक, भराभर वाढणारी, एकेकटी हिंडणारी. माणसाच्या कर्करोगजनुकात सापडलेला पहिला एका अक्षराचा बदल, एचरास जनुकातला बाराव्या जागेचा, १९८२ मध्ये हिच्यातच सापडला. दुसरी आरटी-४. ही संथ, सौम्य दर्जाच्या अर्बुदाची, घट्ट बेटं करून राहणारी. ५६३७ किंवा जे-८२ चालेल. पण ईजे किंवा एमजीएच-यू१ घेऊन 'दुसरी लाइन' म्हणू नका. त्या दोन्हीही टी-२४च निघाल्या आहेत.

अस्तरपेशी म्हणून नाळेच्या शिरेतल्या ताज्या पेशी घ्या, म्हणजे हुवेक. सहाव्या पिढीपुढे नेऊ नका. महाग आहेत आणि नखरेल आहेत, पण त्यांना पर्याय नाही. पुण्यात काम करणाऱ्यांना एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेचं पेशीभांडार जवळ आहे, इतर राज्यांतले लोकही तिथूनच पेशी मागवतात. शेजारच्या लॅबमधून 'थोड्या दे ना' म्हणून आणलेला फ्लास्क मैत्री टिकवायला ठीक, प्रबंधाला नाही.

पेशी आल्या की पहिल्या आठवड्यात दोनच कामं. एसटीआर या डीएनएच्या ठशांच्या चाचणीने ओळख पटवणं, ज्यात मूळ नोंदीशी किमान ८० टक्के जुळणी हवी. आणि मायकोप्लाझ्मा या बारीक जिवाणूची लागण तपासणं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याला काही करत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. मीडिया गढूळ दिसत नाही, पेशी मरत नाहीत, नुसती रीडिंग्ज वेड्यासारखी हलतात. दोन्ही निकाल हाती आले की लगेच पेशींच्या दहा-बारा व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवा. प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यातून, ठरलेल्या पिढ्यांच्या आत.

टी-२४ आणि आरटी-४ ला मकॉय ५ए मीडिया, १० टक्के सीरम. ५६३७ ला आरपीएमआय. तीन लाइन एकाच दिवशी हूडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, घेऊ नका. एकीचं काम संपलं, हूड पुसला, बाटली बदलली, मग दुसरी. ईसीव्ही-३०४ची कथा कुणाच्या तरी अशाच एका घाईत सुरू झाली असणार.

तिसरं पाऊल : दार आहे का ते बघा

प्रथिन द्यायच्या आधी विचारा, ते आत घेणारं दार पेशीवर आहे का. डीआर-३ मुख्यतः टी-पेशींवर असतो. मूत्राशयाच्या तुमच्या लाइनवर तो आहे असं गृहीत धरू नका. क्यूपीसीआर (आरएनए मोजायला) आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन बघायला), दोन्ही करा. आरएनए दिसला म्हणजे प्रथिन असतंच असं नाही. सोबत डीसीआर-३ सुद्धा मोजा, आणि तो मीडियात मोजा, कारण तो बाहेर सोडला जातो. ज्या लाइनच्या मीडियात डीसीआर-३ भरपूर, तिथे तुम्ही दिलेलं वीईजीआय पेशीपर्यंत पोचण्याआधीच गिळलं जाईल. मग 'परिणाम नाही' या निकालाचा अर्थच बदलतो.

वीईजीआयसाठी प्रायमर, म्हणजे क्यूपीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवताना सामाईक १५१ अमिनो आम्लांच्या भागातून घेतले तर तिन्ही रूपं एकत्र मोजली जातील. डोक्याच्या भागातून घेतले तर वेगवेगळी. दोन्ही जोड्या ठेवा.

चौथं पाऊल : प्रथिन द्यायचं कसं

दोन वाटा आहेत. तयार प्रथिन मीडियात घालायचं, किंवा पेशीला प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) देऊन तिच्याकडूनच बनवून घ्यायचं. पहिल्या वाटेने उत्तर लवकर मिळतं, पण तिसऱ्या खात्यासाठी, म्हणजे पेशी काय सोडते आणि शेजारणीवर काय होतं त्यासाठी, दुसरीच वाट खरी. कार्डिफच्या गटाने २०१० मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात वीईजीआयचं प्रमाण आणि पेशींच्या चिकटण्या-हलण्यावरचा परिणाम यांवर काम प्रसिद्ध केलं आहे. सुरू करण्याआधी ते मिळवून वाचा. तुमचं काम त्याच्या पुढे काय घालतं, हे गाइडला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

प्लाझ्मिडच्या वाटेवर रिकामं प्लाझ्मिड घेतलेली पेशी हा तुमचा खरा कंट्रोल. अजिबात न छेडलेली पेशी नव्हे. निवडीसाठी वापरायच्या प्रतिजैविकाची मात्रा आपल्या लाइनवर, आपल्या सीरममध्ये आधी ठरवा, दुसऱ्याच्या निबंधातून उचलू नका. निवडलेल्या पेशींचा मिश्र गट घ्या किंवा किमान तीन वेगळे क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले गट. एकाच क्लोनवर उभा राहिलेला निष्कर्ष त्या क्लोनच्या लहरीवर उभा असतो.

तयार प्रथिनाच्या वाटेवर मी स्वतः तोंडघशी पडले आहे. ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रथिन आणलं, अस्तरपेशींवर टाकलं, पेशी मटामट मेल्या. आम्ही पेढे वाटायच्या बेतात. नुसती औपचारिकता म्हणून उकळलेल्या प्रथिनाचा कंट्रोल ठेवला होता. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी प्लेट रीडरचा कागद हातात घेतला, तर उकळलेलं आणि न उकळलेलं, दोन्ही रकान्यांत जवळजवळ तेच आकडे. प्रथिन उकळलं की त्याची घडी मोडते, ते काम करणं थांबवतं. मग मारत कोण होतं? जिवाणूच्या भित्तिकेतलं एंडोटॉक्सिन. ते उकळून मरत नाही आणि अस्तरपेशींना त्याचा भारी राग. तीन महिन्यांचं काम रद्दीत गेलं.

म्हणून कंट्रोलची रांग अशी लावा : नुसता मीडिया, प्रथिन ज्या द्रावणात आहे ते द्रावण तेवढ्याच मात्रेत, उकळलेलं प्रथिन, आणि प्रथिनासोबत त्याला अडवणारं प्रतिपिंड. उकळलेल्याने परिणाम नाहीसा झाला आणि प्रतिपिंडानेही झाला, तरच परिणाम प्रथिनाचा. शक्य असेल तर माणसाच्या किंवा सस्तन प्राण्याच्या पेशींत बनवलेलं प्रथिन घ्या, आणि एंडोटॉक्सिनची एलएएल चाचणी आपल्याकडच्या व्हायलवर करून घ्या. डेटाशीटवरचा आकडा कारखान्यातून निघतानाचा असतो, तुमच्या बफरचा नसतो.

टीएनएफ कुळातली प्रथिनं तीन-तीनच्या गटात काम करतात. वारंवार गोठवणं-वितळवणं त्यांना सोसत नाही. आल्या दिवशीच एका वापरापुरत्या लहान नळ्या भरून उणे ८० ला ठेवा. फार पातळ द्रावणात प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं, म्हणून थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) सोबत हवं, आणि तेच बीएसए कंट्रोलमध्येही. मात्रा साधारण तिप्पट-तिप्पट चढत्या घ्या : दर मिलिलिटरला ३, १०, ३०, १००, ३०० नॅनोग्रॅम. एकाच मात्रेवर निष्कर्ष काढू नका. मात्रा चढते तसा परिणामही चढायला हवा. सगळीकडे सारखाच असेल, तर वर सांगितलेली संध्याकाळ आठवा.

पाचवं पाऊल : कर्करोगाच्या पेशीचं खातं

वाढ तपासायला सगळे एमटीटीकडे, म्हणजे जिवंत पेशी जांभळा करतात त्या रंगाच्या चाचणीकडे, धावतात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात दोन-तीन हजार टी-२४, आणि रीडिंग २४, ४८, ७२ तासांनी. आरटी-४ संथ आहे, तिला जास्त पेशी आणि जास्त दिवस द्या. कडेचे खण नुसत्या बफरने भरून सोडून द्या, तिथलं पाणी उडतं आणि आकडे फुगतात. एमटीटी शेवटी दर मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम होईल एवढं, तीन-चार तास, मग जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन.

पण एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींची चयापचयाची धग मोजते. पेशी तेवढ्याच राहिल्या आणि नुसत्या सुस्तावल्या तरी आकडा उतरतो. म्हणून किमान एकदा ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने, हाताने मोजणी करा. उतार खरा निघाला तर पुढे फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) पेशीचक्र आणि मरणाऱ्या पेशींना चिकटणारं ॲनेक्सिन, म्हणजे पेशी थांबली की मेली ते कळेल. वाढीत काहीच फरक नाही असं निघालं तर हिरमुसू नका. या प्रथिनाबाबत ते अपेक्षितच धरा आणि पुढे चला. उलट वाढ सारखी राहिली तर हालचालीचा निकाल जास्त विश्वासाचा होतो.

चिकटणं तपासायला मॅट्रिजेलचा पातळ थर द्या, वीस ते चाळीस हजार पेशी टाका, पाऊण तास ठेवा, हलक्या हाताने धुवा, फॉर्मॅलिनमध्ये पक्क्या करा आणि क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजा. सगळं यश धुण्याच्या हातावर आहे. एकाने कंट्रोल धुतला आणि दुसऱ्याने उपचाराचा भाग धुतला, तर मोजलेला फरक दोन मनगटांमधला असतो.

मॅट्रिजेल हा प्रकार उंदराच्या अर्बुदातून काढलेला आणि स्वभावाने साजूक तुपाच्या उलटा : गारव्यात पातळ, उबेत घट्ट. आदल्या रात्री बर्फात खोचून चार अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. टिपा, प्लेट, नळ्या, सगळं गार. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत हा प्रयोग करू नका. पिपेट दाबता दाबता टिपेतच जेल जमतं आणि हजारो रुपये पांढऱ्या गोळीच्या रूपात हातात येतात. लेबलवर 'वाढघटक कमी केलेलं' असेल तेच घ्या, नाहीतर जेलमधलेच वाढघटक तुमच्या प्रथिनाशी भांडत बसतील.

हालचालीसाठी ओरखडा. पेशींचा सलग थर तयार झाला की २०० मायक्रोलिटरच्या टिपेने एका दमात सरळ रेघ ओढा. प्लेटच्या पाठीवर मार्करने खूण करा, म्हणजे दरवेळी तीच जागा कॅमेऱ्याखाली येईल. शून्य, सहा, बारा, अठरा तासांचे फोटो. टी-२४ दिवसभरात रेघ बुजवते. रेघ बुजली ती पेशी चालत आल्या म्हणून की वाढून भरल्या म्हणून? हा प्रश्न मिटवायला आधी दोन तास मायटोमायसिन, दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, देऊन वाढ थांबवा आणि सीरम कमी ठेवा. आरटी-४ वर ओरखडा ओढू नका. ती बेटं सोडून हलत नाही, तुम्ही नुसते फोटो काढत राहाल. जोडीला आठ मायक्रॉन छिद्रांची ट्रान्सवेल चाचणी, म्हणजे पेशी छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे जातात का ते बघणं, करा, दोन्ही एकाच दिशेने बोलल्या तर पहिल्या पानावर शाईने लिहा.

सहावं पाऊल : रक्तवाहिनी प्लेटमध्ये आणणं

आता माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. वीईजीआय बनवणाऱ्या टी-२४ आणि रिकाम्या प्लाझ्मिडवाल्या टी-२४, दोन्ही सारख्या संख्येने लावा. चिकटल्या की सीरम नसलेल्या मीडियात २४ तास ठेवा. तो मीडिया गोळा करा, सेंट्रिफ्यूज करून तरंगत्या पेशी काढा, आणि फ्लास्कमधल्या पेशी लगेच मोजा. मीडियाची मात्रा पेशींच्या संख्येनुसार समान करा. ही एक पायरी लोक सर्रास गाळतात. एका फ्लास्कमध्ये पेशी जास्त असतील, तर त्यातलं सगळंच जास्त असणार.

त्या मीडियातलं वीईजीआय आणि व्हीईजीएफ, दोन्ही एलिसाने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजा. वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफच कमी झालं असेल, तर अस्तरपेशींवरचा परिणाम वीईजीआयचा थेट की व्हीईजीएफ घटल्याचा, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. डीसीआर-३ चा आकडा तुमच्याकडे आधीचा आहेच.

मग तो मीडिया हुवेकच्या मीडियात अर्धाअर्धा मिसळून द्या. वाढ मोजा, ओरखडा बघा, आणि जाळ्याची चाचणी करा. जाळ्यासाठी ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेल, ३७ अंशांना अर्धा तास, वर दहा-पंधरा हजार हुवेक. चार-सहा तासांत पेशी लांबट होऊन एकमेकींचे हात धरू लागतात. कोजागरीच्या रात्रीच्या फेरासारखं दिसतं ते. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर जाळं आपोआप मोडतं, आणि ते मोडणं तुमच्या प्रथिनाच्या नावावर खपून जातं. म्हणून वेळ आधीच ठरवा आणि सगळे खण त्याच वेळी टिपा. शाखा, सांधे, एकूण लांबी इमेजजे या फोटो मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. जाळं खरंच रोखलं जातं हे दाखवायला एक माहीत असलेला रोधक सोबत हवा. व्हीईजीएफला पकडणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंडाची भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती रूपं) मिळतात, त्यातलं एक व्हीईजीएफच्या बाजूने चालेल.

अस्तरपेशी कुठल्या स्थितीत आहे यावर निकाल फिरतो, हे वर आलंच आहे. गच्च भरलेल्या, शांत थरावर प्रथिन टाकलंत तर ती नुसती थांबलेली दिसेल. विरळ, वाढत्या पेशींवर टाकलंत तर मरताना दिसेल. दोन विद्यार्थ्यांचे उलटसुलट निकाल आले की आधी त्यांच्या प्लेटची घनता विचारा.

शेवटी कोंबडीचं अंडं. उंदरांवरच्या प्रयोगांना परवानग्या, पिंजरे, पैसे सगळं लागतं. अंड्यात भ्रूणाबाहेरच्या पातळ पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जिवंत जाळं डोळ्यांनी दिसतं. हॅचरीतून फलित अंडी आणा, दुकानातली नव्हेत. ३७.५ अंश, साठ टक्के आर्द्रता. तिसऱ्या दिवशी सुईने दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्या, म्हणजे पडदा कवचापासून सुटतो. मग छोटी खिडकी कापून पारदर्शक टेपने झाका. आठव्या दिवशी प्रथिन शोषलेली चकती पडद्यावर ठेवा आणि दहाव्या-अकराव्या दिवशी फोटो घ्या. चकतीकडे येणाऱ्या वाहिन्या मोजा. खिडकी कापताना कवचाची भुकटी आत पडली, तर तिच्याभोवतीच वाहिन्या धावतात आणि मोजणी बिघडते. दहा अंड्यांतली दोन-तीन काही ना काही कारणाने जातातच, म्हणून दर गटाला बारा-पंधरा धरा. आमच्याकडे खिडकी कापायचं काम एका मुलीच्या हातात देतो, तिचा हात रांगोळीवर बसलेला आहे.

मोजणीबद्दल थोडं, पण ठामपणे

एका प्लेटमधले सहा खण म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग, सहा वेळा वाचलेला. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या पेशींवर, नव्याने वितळवलेल्या प्रथिनाने केलेला प्रयोग हा दुसरा प्रयोग. असे किमान तीन हवेत, आणि सांख्यिकीत 'एन' म्हणून तीनच लिहायचे, अठरा नव्हे. फोटो मोजायला दुसऱ्याला द्या, फाइलांची नावं बदलून. कुठला फोटो कुठल्या गटाचा हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. आपलेच डोळे आपल्या बाजूने मोजतात.

प्रबंधात काय लिहायचं

तिन्ही पानं समोर ठेवा आणि प्रत्येकासाठी एकच वाक्य लिहा. समजा टी-२४ ची वाढ बदलली नाही, चिकटणं आणि हालचाल कमी झाली, आणि तिच्या मीडियात हुवेकचं जाळं कमी विणलं गेलं. मग तेवढंच लिहायचं. 'वीईजीआय मूत्राशयाचा कर्करोग रोखतं' हे वाक्य या तिन्ही पानांतून निघत नाही.

का निघत नाही, हे रुग्णांच्या चाचण्यांनी दाखवून दिलं आहे. मूत्राशयाचा पसरलेला कर्करोग असलेल्या ५०६ रुग्णांमध्ये जेमसायटाबिन-सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब देऊन पाहिलं. आयुष्याचा मध्यक (मेडियन) १४.५ महिने, आणि नुसत्या केमोथेरपीच्या गटात १४.३. दुसऱ्या एका चाचणीत ५३० रुग्णांना डोसिटॅक्सेलसोबत व्हीईजीएफचा ग्राहक अडवणारं रॅम्युसिरुमॅब किंवा नुसतं प्लासिबो दिलं. आजार पुन्हा वाढायला २.७६ ऐवजी ४.०७ महिने लागले, पण एकूण आयुष्यात ठोस फरक दिसला नाही. व्हीईजीएफची वाट अडवणं प्लेटमध्ये आणि उंदरांत उत्तम चालतं. चर्चेच्या प्रकरणात या दोन चाचण्यांना एक परिच्छेद द्या. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न येतोच.

आणि घरी कुणी विचारलं, की काकांच्या मूत्राशयाच्या गाठीवर तुझं प्रथिन चालेल का, तर सरळ नाही म्हणा. काकांना लघवीतून रक्त जातंय आणि दुखत नाही म्हणून ते थांबलेत, असं असेल तर त्याच आठवड्यात मूत्रविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा.

प्रबंध जमा करताना मूळ फोटो, प्लेट रीडरच्या फाइल्स, एसटीआरचा अहवाल आणि गोठवलेल्या व्हायलची यादी एका हार्डडिस्कवर आणि एका प्रतीत गाइडकडे द्या. यादीत व्हायलवरची पिढी, तारीख आणि डब्यातला खण लिहा. खण पेन्सिलीने लिहा, डबा पुढच्या वर्षी कुणीतरी हलवणारच आहे.